ठाण्याचे शहाण्णव, डोंबिवलीचे नव्वद

माझ्या सासूबाई एक महिना माझ्याकडे डोंबिवलीत राहतात आणि एक महिना धाकट्या जावेकडे ठाण्याला. संकष्टीला चंद्र बघून उपास सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचलायची, हा शिरस्ता त्यांचा त्यांनीच घालून घेतला आहे. सासरे गेले तेव्हा दोन्ही मुलांनी विचारलं होतं, आई, तुला कुणाकडे राहायला आवडेल? त्या म्हणाल्या, "मला निवडायला लावू नका रे. चंद्रावर सोडा." तेव्हापासून चंद्र त्यांना इकडून तिकडे नेतो आणि कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती बोटाला लावायच्या त्या चिमट्यामुळे.

सासूबाईंनी कल्याणला असताना वर्षानुवर्षं डबे केले. एक खोली, एक खिडकी, तीही बोळात उघडणारी, आणि रॉकेलचे दोन स्टोव्ह. त्या धुरात त्यांनी दोन मुलगे आणि एक मुलगी शिकवली. धुराने आपला वाटा नंतर मागितला. चालताना दम लागायला लागला, मग बोलताना लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं जुन्या स्पंजासारखी कडक झाली आहेत, ती आता मऊ व्हायची नाहीत, आपण फक्त लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवायचं म्हणजे रोज सकाळी ऑक्सिमीटर बोटाला लावायचा आणि येईल तो आकडा घरच्या ग्रुपवर टाकायचा. डॉक्टरांना महिन्याभराचे आकडे एकदम दाखवता येतात.

झालं. मी आकडा टाकायची नव्वद. कधी एक्क्याण्णव. फार तर ब्याण्णव. माझा महिना संपून सासूबाई ठाण्याला गेल्या, की चार दिवसांत शहाण्णव. पुढे सत्त्याण्णव. खाली जावेचा दोन हात जोडलेला इमोजी आणि एक फुलाचा. माझ्या नणंदेला तर लिहायला निमित्तच हवं असतं. तिने लिहिलं, "ठाण्याची हवा मानवते आईला." दिराने लिहिलं, "डोंबिवलीत ते केमिकलचं आहेच ना." मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं. आम्ही पश्चिमेला राहतो. कारखाने पूर्वेला. आमच्या खिडकीतून खाडीचा वारा येतो, तो एवढा येतो की वाळत घातलेले कपडे शेजाऱ्यांच्या ग्रिलमधून काढून आणावे लागतात. पण ठाण्यात राहायला गेलेल्या माणसाला डोंबिवली ही एकच वाटते, पूर्व-पश्चिम त्याला दिसत नाही.

मी जळते. उगाच आडपडदा ठेवत नाही. जावेचं घर बाराव्या मजल्यावर, गॅलरीतून येऊरचे डोंगर. लिफ्टमध्ये आरसा, खाली बाग, बागेत म्हाताऱ्यांसाठी बाक. आमची इमारत चार मजल्यांची आणि आम्ही तिसऱ्यावर, लिफ्ट नाही. पण मला घराचं वाईट वाटत नव्हतं. जाऊ माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, आवाज मऊ, बोलताना समोरच्याचा हात हातात घेते. मी शाळेत विज्ञान शिकवते, वर्गात ओरडून ओरडून माझा आवाज घरीही फळ्यावर खडू घासल्यासारखा येतो. मी कुणाचा हात हातात घेत नाही. सासूबाईंचा नाडी बघण्यापुरता घेतला असेल. ती त्यांची नखं कापून त्यांना फिक्या गुलाबी रंगाचं नेलपॉलिश लावते. पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईला नेलपॉलिश! आणि सासूबाई ते लावून घेतात, माझ्याकडे आल्यावर बोटं पसरून बघतात आणि म्हणतात, "बरंय ना गं?" मी म्हणते, बरंय. आणि रिमूव्हर आणून पुसून काढते, कारण रंगाने आकडा चुकू शकतो.

पुसलं तरी नव्वदच.

आता मी विज्ञानाची बाई. असूयेने जळणारी असले तरी पद्धत सोडत नाही. हे यंत्र चालतं कसं ते मला नीट माहीत होतं. सुई नाही, रक्त काढायचं नाही, नुसता उजेड. चिमट्याच्या वरच्या जबड्यात दोन बारके दिवे असतात. एक लाल, तो आपल्याला दिसतो. दुसरा लालच्याही पलीकडचा, तो डोळ्यांना दिसत नाही. तो खराच असतो का, हे मी स्वयंपाकघराचा पडदा ओढून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं, तर लाल ठिपक्याजवळ फिक्कट जांभळा ठिपका लुकलुकत होता. दोन्ही उजेड बोटातून आरपार जातात. प्राणवायूने भरलेलं रक्त लाल उजेडाला फारसं अडवत नाही, तो न दिसणारा मात्र जास्त गिळतं. प्राणवायू नसलेल्या रक्ताचं नेमकं उलट. खालच्या जबड्यात बसलेला डोळा बघतो, कुठला उजेड किती पोचला, आणि दोन्हींची तुलना करून आकडा सांगतो. रक्ताला हात न लावता रक्ताची चौकशी. मला हे यंत्र पहिल्यापासून फार आवडायचं. आता ते माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं.

मी संशय घ्यायला सुरुवात केली. हात गार असले, की बोटात रक्त कमी येतं आणि आकडा गडबडतो. म्हणून गरम पाण्याची पिशवी सासूबाईंच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात पिशवी? डोकं फिरलंय का तुझं?" तरी धरली. एक्क्याण्णव. बोट बदललं. हात बदलला. खिडकीतलं ऊन चिमट्यावर पडतंय म्हणून वर रुमाल टाकला. शेवटी नवीन चिमटा आणला, जुना आणि नवा दोन्ही माझ्या स्वतःच्या बोटांना लावले. दोघांनीही एकच आकडा दाखवला. म्हणजे यंत्र बरोबर होतं. मग चूक ठाण्याच्या यंत्रात असणार.

ही चूक पकडायला मी एका रविवारी नवऱ्याला घेऊन ठाण्याला गेले आणि माझा चिमटा पर्समध्ये टाकून नेला. पोचेपर्यंत सकाळचं मोजून झालं होतं, पण मी जावेला म्हटलं, जेवायच्या आधी पुन्हा एकदा बघू. ती तिचा ऑक्सिमीटर आणायला गेली तर देवघरात शिरली. मला वाटलं, चुकून गेली. पण तो तिथेच ठेवलेला होता, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी, त्यावर एक झेंडूची पाकळी. खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात तसं तिने त्याला कुंकूसुद्धा लावलेलं. उजेड आत-बाहेर करणाऱ्या यंत्राला कुंकू! मी हसले. म्हटलं, "अगं, भिंगावर गेलं म्हणजे?" पदराने पुसून तिने तो पुढे केला. सासूबाई तोवर आत जाऊन तोंड धुऊन आल्या, जरा वेळ घेऊनच आल्या. तिच्या चिमट्याने पंच्याण्णव दाखवलं. मग मी माझा काढला. माझ्या चिमट्याने शहाण्णव दाखवलं.

माझं स्वतःचं यंत्र फितूर झालं. जेवायला श्रीखंड होतं आणि मला ते कडू लागलं.

परत येताना नवरा म्हणाला, "चांगलंय की. आईचा आकडा चांगला येतोय, तुला आनंद व्हायला हवा." मी म्हटलं, "मला आनंदच झालाय." तो माझ्या तोंडाकडे बघून खिडकीबाहेर बघायला लागला.

पुढच्याच आठवड्यात दिराचा फोन आला. म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण आईला आता कायमची इकडेच ठेवावी म्हणतो. हवा मानवतेय. लिफ्ट आहे. डॉक्टरांकडे जायचंच आहे या महिन्यात, त्यांना विचारू आणि ठरवून टाकू." मी "बघू" म्हणून फोन ठेवला आणि कणकेत पाणी जास्त झालं.

लोकांना वाटेल, सासू जातेय तर सुनेने पेढे वाटावेत. तसं नव्हतं. लग्न झाल्यावर पहिली दहा वर्षं आमचं अजिबात पटलं नाही. पण मी शाळेतून यायची तेव्हा घरात त्याच असायच्या. भाजी निवडायला परात मध्ये घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, आज कोणी काय दिवे लावले?" मी त्यांना सगळं सांगायची. मुख्याध्यापिका काय म्हणाल्या, कुठल्या शिक्षकाने कुणाचा तास लुबाडला. त्या एकाही माणसाला भेटलेल्या नाहीत, पण माझ्या शाळेतल्या सगळ्यांना त्या आतून-बाहेरून ओळखतात. अजूनही विचारतात, "ती खोटारडी रिटायर झाली का गं?" नवऱ्याला या गोष्टी सांगितल्या तर तो दुसऱ्या मिनिटाला पेपर उचलतो. सासूबाई ज्या महिन्यात ठाण्याला असतात त्या महिन्यात मी शाळेतून येते आणि भाजी एकटी निवडते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार असतो, की आत्ता जाऊ त्यांना काय सांगत असेल आणि त्या हसत असतील का. ते महिने मोजून ढकलता येत होते, कारण पुढे संकष्टी यायचीच. आता तीही जाणार होती.

डॉक्टरांकडे जायच्या दोन-तीन दिवस आधी शाळेतल्या एका बाईंच्या नव्या घराची वास्तुशांत होती, कळव्याला. सकाळी लवकर पूजेला जाऊन आले आणि वाटलं, पूल ओलांडला की ठाणे, जाऊन येऊ. कळवलं नाही. कळवून गेलं की जाऊ ढोकळा करते, आणि तिचा ढोकळा माझ्यापेक्षा चांगला होतो.

कामवाल्या बाईंनी दार उघडलं. जाऊ आंघोळीला गेली होती. मी सरळ सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या, पाठ माझ्याकडे. दोन्ही हातांत कप धरलेला आणि ओठांचा चंबू करून त्या फुंकत होत्या. मला वाटलं, चहा गरम असेल. नाकाने श्वास घ्यायच्या आणि ओठांतून लांबलचक सोडायच्या, अगदी सावकाश. पुन्हा घ्यायच्या. पुन्हा सोडायच्या. मी जवळ गेले तर कपात चहा नव्हता, नुसतं गरम पाणी होतं, आणि त्यांनी कप असा काही धरला होता की सगळी बोटं त्यावर चिकटली होती. गाल लाल झाले होते. कपाळावर घाम होता. हा श्वासाचा व्यायाम त्यांना मागे दवाखान्यातल्या मुलीने शिकवला होता. माझ्याकडे त्यांना तो करताना मी एकदाही बघितलेलं नाही.

"आई?"

त्या दचकल्या. बोलायला गेल्या तर बोलवेना, म्हणून नुसता हात हलवला, की थांब. आणि तेवढ्यात जाऊ आली, ओले केस टॉवेलात, हातात देवघरातला चिमटा. मला बघून "अय्या, ताई!" म्हणाली, पण थांबली नाही, आधी त्यांच्याजवळ गेली. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प राहिले. चिमटा लावला. जाऊ वाकून त्या आकड्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तिचं तोंड उतरलेलं होतं, ओठ नुसते हलत होते, रामरक्षा म्हणत असावी. शहाण्णव आला. तिने श्वास सोडला, सासूबाईंच्या हातावर कपाळ टेकवलं आणि "ताईंना चहा करते हं" म्हणत बाहेर गेली.

मी दार लोटून घेतलं. "हे काय चाललंय आई?"

"काय चाललंय? श्वास घेतेय. त्याला पण तुझी परवानगी?"

"आकडा वाढवताय तुम्ही. रोज?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तिच्या वडिलांचं ठाऊक आहे ना तुला? करोनात गेले ते. घरीच होते, बेड मिळेना. ही त्यांच्या उशाशी बसून तो चिमटा लावायची. आकडा उतरत गेला आणि ही बघत राहिली. माझं पहिल्यांदा नव्वद आलं ना इथे, त्या दिवशी पोरगी जेवली नाही. रजा टाकून बसली माझ्यासमोर. नुसती बघत. मग मी म्हटलं, जाऊ दे, जरा फुंकावं. अर्धा तास आधी उठते. काय बिघडतं माझं?"

"आणि माझ्याकडे?"

"तुझ्याकडे काय?"

"माझ्याकडे नाही फुंकत."

"तुझ्याकडे कशाला?" त्यांना खरंच कळेना. "तू थोडीच घाबरतेस. तू आकडा बघतेस, मोबाइलवर टाकतेस आणि पोळ्या लाटायला जातेस. तुझ्याकडे बरं असतं गं मला. निवांत आजारी राहता येतं."

आता कुणीही म्हणेल, की याहून मोठी पावती काय हवी? मलाही ते कळलं, नाही असं नाही. पण ते कळायच्या आधी दुसरंच काही कळलं आणि त्याने माझ्या अंगाचा तीळपापड झाला. ही बाई तिच्यासाठी रोज सकाळी अर्धा तास आधी उठते. तिच्यासाठी घाम गाळते. कडक झालेल्या फुप्फुसांनी, जिथे एकेक श्वास जपून वापरायचा, तिथे तिच्यासाठी मूठमूठ श्वास खर्च करते. आणि मी तीस वर्षं त्यांच्याबरोबर काढली, माझ्यासाठी त्यांना कधी एक श्वास जास्त घ्यावासा वाटला नाही! मी चहा घेतला, "ढोकळा टाकते लगेच" म्हणणाऱ्या जावेला नको म्हटलं आणि निघाले. घरी पोचेपर्यंत मनात तिच्याशी भांडत होते, आणि त्या भांडणात ती बिचारी एक अक्षर बोलत नव्हती, त्याचाही राग येत होता.

डॉक्टरांकडे आम्ही सगळे गेलो. दिराने मोबाइल काढून आकडे दाखवले, डोंबिवलीचे आणि ठाण्याचे. डॉक्टर म्हणाले, "वा, हे तर चांगलंच आहे. मग घरी ऑक्सिजनचं मशीन वगैरे आत्ताच नको. आणि आजींना जिथे बरं वाटतं तिथे राहू द्या." दिराने माझ्याकडे बघितलं, झालं ना ठरून, अशा नजरेने.

मी म्हटलं, "डॉक्टर, हे बसलेले आकडे आहेत. त्यांना जरा चालवून बघा."

माझं बरोबरच होतं. खोट्या शहाण्णववर औषध ठरत असेल तर बोलायलाच हवं होतं, आणि आजही मी तेच करीन. पण ते बोलताना मला औषधाची काळजी होती असं म्हटलं तर खोटं होईल. मला ठाण्याचा आकडा पडलेला बघायचा होता. सर्वांसमोर. सासूबाईंना ते लगेच कळलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठल्या.

दवाखान्याच्या लांबट पॅसेजमध्ये डॉक्टरांनी त्यांच्या बोटाला चिमटा लावला आणि चालायला सांगितलं. मी त्यांच्या बाजूने चालत होते, आकडा वाचायला. जाताना त्र्याण्णव होता. वळल्यावर नव्वद. मग अठ्ठ्याऐंशी. त्या थांबल्या नाहीत. शहाऐंशी. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले, खांदे श्वासागणिक वर यायला लागले, आणि आकडा जिना उतरल्यासारखा उतरत राहिला. मी वर्गात हा धडा कितीदा शिकवला असेल. प्राणवायू कमी झाला की लाल उजेड अडतो, फळ्यावर बाण काढून शिकवलाय. त्या आकड्याचा अर्थ माझ्याइतका त्या पॅसेजमध्ये डॉक्टर सोडून कुणालाच कळत नव्हता, आणि मला पुढचं वाचवेना. ऐंशीच्या जवळ काहीतरी होतं. माझ्या तोंडून "आई, पुरे, आई, बसा" असं निघालं, आणि मी भिंतीला धरून खाली बसले आणि रडायला लागले. हमसून. दवाखान्यात, चारचौघांत, पेशंट लोकांसमोर.

जाऊ घाबरली नाही. तिने सासूबाईंना कमरेला धरून बाकावर बसवलं, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि अगदी हळू म्हणत राहिली, "सावकाश, आई. तोंडाने सोडा. हां. अजून एक. घाई नाही." तिला ते ठाऊक होतं. आकडा खाली जातो तेव्हा माणसाजवळ कसं बसायचं ते ती शिकून बसली होती. सासूबाई तिचं ऐकून श्वास सोडत होत्या आणि बघत होत्या माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी मला रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडावर आश्चर्य होतं, आणि मग आश्चर्य गेलं आणि दुसरंच काही आलं, ते मला तेव्हा ओळखता आलं नाही.

डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. सकाळचा आकडा मशीन लावायच्या आधी घ्यायचा. फुंकण्याचं मीच त्यांना सांगितलं, तर ते हसले, म्हणाले, फुंकू द्या, तो व्यायामच आहे, आता खरं काय ते मला माहीत आहे. जावेलाही तिथेच कळलं. ती एवढंच म्हणाली, "आई, माझ्यासाठी?" आणि रिक्षात सासूबाईंच्या खांद्याला डोकं लावून बसली. कायमचं ठाण्याला जायचा विषय दिराने पुन्हा काढला, तर सासूबाईंनी त्याला एका वाक्यात गप्प केलं. "संकष्टी आहे तोवर मी कुणाच्या बापाची कायमची नाही."

म्हणजे मी जिंकले. महिन्याआड त्या माझ्याकडे येतात, परात मध्ये घेऊन बसतात, नाकात नळी असते आणि खोटारडीची चौकशी चालू असते. मशीन शेजारी घुरघुरत असतं.

पण ठाण्याहून आता शहाण्णव येत नाही. ठाण्याहून नव्वद येतं. कधी एकोणनव्वद. खाली जाऊ लिहिते, "आज आईंना बरं नाही, झोपून आहेत, पेज दिली." ना हात जोडलेले, ना फूल. परवा तिने मला फोनवर सांगितलं, "ताई, आता त्या फुंकत नाहीत माझ्यासाठी. मीच म्हटलं, आई, मला खरं कळू दे, मी नाही घाबरणार. परवा तर दिवसभर कुरकुरल्या माझ्याकडे, हे दुखतंय, ते दुखतंय. पाय चेपून घेतले." तिच्या मऊ आवाजात आनंद होता. मी "बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्याकडे सकाळी मी चहा ठेवते आणि चिमटा घेऊन त्यांच्या खोलीकडे जाते, तर दारातूनच ऐकू येतं. नाकाने आत, ओठांतून बाहेर, सावकाश. तळहात एकमेकांवर घासल्याचा आवाज. मी पॅसेजमध्ये थांबते. मुद्दाम चपला वाजवते, म्हणजे त्यांना आवरायला वेळ मिळतो. मग आत जाते. त्या घामेजल्या तोंडाने बोट पुढे करतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात, आधी जावेकडे बघत असतील तशा, मी घाबरतेय का ते तपासत.

"किती गं?"

"शहाण्णव."

"बघ! उगाच रडतेस." आणि माझ्या हातावर थोपटतात. माझा हात त्यांनी असा पूर्वी कधी धरलेला नव्हता.

मी हसते. शहाण्णव ग्रुपवर टाकते. नणंद लिहिते, "डोंबिवलीची हवा सुधारली वाटतं." मग मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला घेते, आणि जळते. ठाण्याच्या त्या नव्वदवर जळते. ते माझं होतं.